कड्यावर केळ्याचा वास

सोमवारी दुपारी बारा वाजता गवळणीच्या कड्यामागे सुरुंग उडणार होता, आणि त्याआधी त्या कड्याच्या पोटातून नखाएवढं एक कार्ड काढून आणायचं होतं. मोहीम एवढीच. सांगायला एका ओळीची, पण ती ओळ आठवली की मिनल ओव्हाळची झोप उडायची.

कार्डात एकेचाळीस दिवसांचं चित्रीकरण होतं. चाकणच्या कारखान्यांच्या पलीकडे, जिथं पत्र्याच्या शेडा संपतात आणि करवंदीच्या जाळ्या सुरू होतात, तिथल्या या कड्याला दरसाल होळीच्या सुमारास आग्या मोहोळ लागतं. आग्या माश्यांचं पोळं उघड्यावर लटकतं. त्याला ढोली नाही की भिंत नाही. हजारो माश्या एकमेकींवर दाटीवाटीनं बसून ते पांघरुणासारखं झाकून धरतात. गांधीलमाशी शिकारीला आली की या माश्या एकीपाठोपाठ एक शेपटाकडचा भाग वर उडवतात, आणि अख्ख्या पोळ्यावरून एक काळी चकचकीत लाट धावत जाते. गांधीलमाशी बिचकून मागे फिरते. ही लाट सगळ्यांत आधी कोण सुरू करतं? वाटेल ती माशी, की ठरलेल्या जागेवरच्या ठरलेल्या काहीजणी? मिनल तीन वर्षं या एका प्रश्नाच्या मागे लागली होती आणि तिची पीएचडी त्यावरच उभी होती.

जानेवारीत, माश्या यायच्या आधी, तिनं कड्याच्या खोबणीत कॅमेऱ्याची पेटी ठोकून घेतली होती. माश्या गेल्या की जूनमध्ये सावकाश काढू, असा बेत होता. पण मे उजाडला आणि कड्यामागच्या दगडखाणवाल्यांची नोटीस वाडीच्या देवळावर चिकटली. सोमवारपासून सुरुंग, डोंगर बंद. कड्याचा तो भाग आधीच भेगाळलेला होता, पहिल्याच दणक्यात खाली आला असता. म्हणजे पेटी काढायची तर माश्या घरात असतानाच काढायची!

मिनलच्या मार्गदर्शक विजयश्री मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की कार्ड गेलं तर गेलं, तू कड्यावर जायचं नाहीस. मिनल "हो मॅडम" म्हणाली आणि फोन ठेवल्या ठेवल्या तिनं गिर्यारोहक दिग्विजयला त्याची शिफ्ट विचारली.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ही मुलगी माश्यांवर संशोधन करायची, पण माश्यांना प्रचंड भ्यायची. सुईला भिणारी नर्स असते ना, तसंच काहीसं. पहिल्या वर्षी असं नव्हतं. त्या वर्षी एकदा कड्याच्या पायथ्याशी कुणीतरी शेळी बांधून ठेवली होती. वर कसलासा दगड सुटला, मोहोळ उठलं आणि माश्या खाली आल्या. माणसं पळाली, कुत्रं पळालं. शेळी दाव्याला बांधलेली होती. तिनं दोन गिरक्या मारल्या, दावं खुंट्याभोवती गुंडाळलं गेलं आणि ती तिथंच उभी राहिली. मिनल लांबून, दुर्बिणीतून बघत होती. ती शेळी तिच्या स्वप्नात अजून यायची, आणि हल्ली त्या दाव्याच्या जागी स्वप्नात गिर्यारोहणाचा दोर असायचा.

दोराला लटकलेल्या माणसालाही पळता येत नाही. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिघांची टोळी होती. पहिली मिनल. दुसरे हिंदुराव, खालच्या वाडीतले, पासष्टीचे. त्यांच्या जमिनीवर आता गाड्यांचे सुटे भाग तयार होत होते, पण तरुणपणी त्यांनी याच कड्यावरून मध काढला होता. तिसरा दिग्विजय. हा निलंग्याकडचा, आठ वर्षांपासून चाकणच्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये. इकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. तो दर गुरुवारी कुठल्या ना कुठल्या सुळक्यावर लटकलेला असायचा. जानेवारीत पेटी त्यानंच ठोकली होती.

रविवारी पहाटेच्या गारव्यात माश्या सुस्त असतात. सात वाजता कड्यावर, साडेआठला परत, असं ठरलं होतं. पण दिग्विजयला शिफ्टवरून सोडवायला येणारा माणूसच उशिरा आला. तिसरी शिफ्ट करून, न झोपता, मोटारसायकलवरून तो वाडीत पोचला तेव्हा आठ वाजून गेले होते. वर जायची जुनी पायवाट खाणवाल्यांनी चर खणून तोडून टाकली होती. मग डोंगराला वळसा घालून काट्याकुट्यांतून चढण सुरू झाली. घसाऱ्यावर मिनलचा पाय दोनदा सुटला. दुसऱ्यांदा सुटला तेव्हा तिच्या पायाखालचा धोंडा गडगडत गेला, आणि तिघंही श्वास रोखून उभे राहिले. वरून काहीच आलं नाही. पण ऊन चढत होतं, आणि ऊन चढलं की मोहोळाचा नूर बदलतो.

कड्याच्या माथ्याजवळ कातळात खोदलेलं पाण्याचं एक टाकं आहे. तिथं हिंदुरावांनी दोघांना थांबवलं.

"हितं आंगुळ करायची," ते म्हणाले. "अंगाला कसलाच वास न्हाई पायजे. साबन न्हाई, त्याल न्हाई, तंबाकू न्हाई. अन् वर गेल्याव त्यांचं नाव बी घ्यायचं न्हाई. माहेरवाशिनी म्हनायचं."

वाडीत माश्यांना माहेरवाशिणीच म्हणत. वर्षातून एकदा येतात, चार महिने राहतात आणि पाऊस यायच्या आत आपल्या वाटेनं जातात, म्हणून. मिनलला हे फार आवडायचं. आंघोळीचा नियम मात्र तिनं वैज्ञानिकाच्या चष्म्यातून तपासून पाहिला होता, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. वासाच्या बाबतीत माश्यांचं नाक माणसाच्या कितीतरी पुढं असतं.

आडोशाला जाऊन दोघांनी आळीपाळीनं अंगावर गार पाणी ओतून घेतलं आणि नुसत्या पाण्यात धुतलेले जाड पांढरे कपडे चढवले. मग हिंदुरावांनी एकेकाचा चक्क वास घेतला! मिनलच्या केसांना कालच्या शाम्पूचा वास येत होता, तिला परत टाक्यावर धाडलं. दिग्विजयचे तळवे हुंगले, मान हुंगली, बुटांकडे वाकून बघितलं. त्याच्या कमरेच्या पाऊचकडे बोट दाखवून त्यात काय म्हणून विचारलं. पाऊच चेन लावून गच्च बंद होता. दिग्विजय हसला. "लोखंड हाय काका. पाना अन् कड्या. रात्री शिफ्टला सगळं पुसून चकाचक करून आणलंय."

लोखंडाला कसला वास, असं म्हणून हिंदुरावांनी मान डोलावली. चूक व्हायची ती तिथं झाली, आणि ती तिघांच्याही लक्षात आली नाही.

साडेनऊ वाजले. मिनलला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणावं की उशीर झालाय, परत जाऊ. कुणीच म्हणालं नाही. तिनंही म्हटलं नाही, कारण बारा वाजायला अजून सव्वीस तास होते आणि तीन वर्षं पाठीशी होती. जाळीचे टोप घातले. दिग्विजयनं माथ्यावरच्या खिळ्यांत दोन दोर अडकवले, ओढून पाहिले, पुन्हा ओढून पाहिले. हिंदुरावांनी ओल्या गवताची आणि शेणीची पेंढी तारेला बांधून धुराची तयारी करून ठेवली. आणि दिग्विजय काठावरून मागच्या मागे दिसेनासा झाला.

मग मिनलची पाळी आली. तिनं तोंड कड्याकडे केलं आणि उतरायला सुरुवात केली.

साठ फूट खाली दीड हात रुंदीचा एक कंगोरा होता. त्यावर पाय टेकले आणि तिनं मान वळवली. दहा-बारा हातांवर, कातळाच्या पोटाला, ते होतं. तीन वर्षं तिनं ते भिंगातून पाहिलं होतं. भिंगातून ते चित्र वाटायचं. इथं ते जिवंत होतं! अर्ध्या दाराएवढं, काळपट तपकिरी, आणि सगळं मिळून हळूच श्वास घेतंय असं वाटणारं. त्याचा एक सततचा हलका घुमारा कड्यातून तिच्या तळव्यांत येत होता. पलीकडे आणखी दोन पोळी होती.

तिचं काम ठरलेलं होतं. दिग्विजयनं हात चालवायचे आणि तिनं माश्या वाचायच्या. लहान लाट म्हणजे नुसती दखल. मोठी लाट म्हणजे थांबा, हलू नका. आणि पोळ्याच्या खालच्या टोकाशी, जिथून माश्यांची ये-जा चालते तिथं माश्या गोळा होऊन लोंबायला लागल्या, की संपलं.

एक गांधीलमाशी खालून वर आली. पोळ्यावरून लाट सरकन गेली. मग दुसरी. मिनलनं हात वर केला आणि दिग्विजय जागच्या जागी गोठला. लाटेमागून लाट, चकाकत, गोल फिरत. आणि एवढ्या भीतीतही तिच्या नजरेला दिसलं की डाव्या काठाजवळच्या एकाच जागेवर, लाटेच्या किंचित आधी, दोन-तीन माश्या उचलल्या जातायत. दर वेळी तीच जागा! ती श्वास घ्यायची विसरली. गांधीलमाशी निघून गेली, पोळं निवलं. मिनलनं हात खाली घेतला.

पेटी कंगोऱ्याच्या पलीकडे होती, पोळ्याच्या बाजूला. दिग्विजय दोरावर झुलत तिच्यापर्यंत गेला. तो आता मिनलपासून हातभर लांब होता, पायाखाली काही नाही, खाली दोनशे फूट नुसती हवा. पेटीचे स्क्रू गंजले होते. त्यानं कमरेचा पाऊच उघडला, पाना काढला, आणि बारीक काम म्हणून उजव्या हाताचा मोजा काढून पट्ट्यात खोचला. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्यानं करकर आवाज केला आणि मोठी लाट गेली. थांबले. ऊन थेट कड्यावर आलं होतं आणि दगड तापायला लागला होता.

चौथा स्क्रू! झाकण उघडलं. दिग्विजयनं दोन बोटांत कार्ड धरून तिला दाखवलं. जाळीतून त्याचे दात दिसले. त्यानं कार्ड पाऊचच्या आतल्या कप्प्यात सरकवलं, वरून पाना टाकला. चेन मात्र अर्धीच लागली.

मिनलला हायसं वाटायला हवं होतं. पण लाट थांबत नव्हती. गांधीलमाशी नव्हती, कसलाच आवाज नव्हता, तरी लाट जात होती. एक. दुसरी. तिसरी. आणि मग तिच्या नाकात वास आला.

पिकल्या केळ्याचा वास.

मधमाशी डंख मारते तेव्हा काट्याबरोबर एक वासही सोडते. तो वास म्हणजे बाकीच्यांना दिलेली हाळी असते, की इथं या, शत्रू इथं आहे. माणसाच्या नाकाला तो वास पिकल्या केळ्यासारखा लागतो. हे तिनं शंभरदा वाचलं होतं, वर्गात शिकवलं होतं. पण डंख कुणालाच झाला नव्हता! मग हाळी दिली कुणी?

पोळ्याच्या खालच्या टोकाशी माश्या जमायला लागल्या. आधी मूठभर, मग ओंजळभर. त्यांची साखळी लोंबू लागली.

"दिग्विजय, हलू नकोस," ती पुटपुटली. पण पहिली माशी आलीच. ती सरळ त्याच्या उघड्या हातावर बसली. मग दुसरी, कमरेवर. तिसरी, चौथी, कमरेवर. मिनलच्या अंगावर एकही नाही. घुमाऱ्याचा सूर बदलला. आता तो बारीक आणि चिरका होता. मोहोळ उठलं!

माश्या धारेसारख्या सुटल्या आणि दिग्विजयवर कोसळल्या. क्षणात त्याचे पांढरे कपडे काळे झाले. तो ओरडला नाही, त्यानं दात आवळले, दोर दोन्ही हातांनी धरला आणि डोकं छातीत घातलं. जाळी गालाला चिकटली तिथं त्या गालावरून डंख मारत होत्या. मिनलच्या डोळ्यांपुढे शेळी उभी राहिली. दावं खुंट्याभोवती गुंडाळलेलं. तिनं पाठ कड्याला लावली आणि तिला एवढंच कळत होतं की आपण काहीही करू शकत नाही.

वास आणखी दाटला. आणि त्यात काहीतरी वेगळं होतं. केळ्याच्या गोडव्यामागे एक झणझणीत, रॉकेलासारखी धार होती. माश्यांच्या वासाबद्दल तिनं वाचलेल्या एकाही पानात ती धार नव्हती. पण ती तिला माहीत होती! पुस्तकातून नव्हे, घरातून. पिंपरीच्या चाळीतलं घर, संध्याकाळी सात वाजता दारात आलेले पप्पा, आणि तिला उचलून घेणारे त्यांचे हात. भीमराज ओव्हाळांनी तीस वर्षं गाड्यांना रंग मारला होता. त्यांच्या हातांना रोज केळ्याचा वास यायचा, आणि पप्पा कंपनीत एकटेच केळी खातात, आपल्यासाठी आणत नाहीत, म्हणून पाच वर्षांची मिनल रुसून बसायची. मग आईनं सांगितलं होतं की अगं, तो थिनरचा वास.

थिनर!

पेंट शॉपमधली माणसं सगळं थिनरनं पुसतात. हात, पाने, कड्या, चष्मे. काल रात्री, शिफ्टच्या गडबडीतसुद्धा, दिग्विजयनं जिवापाड काळजीनं आपलं सगळं सामान थिनरच्या चिंधीनं पुसलं होतं. दोराला थिनर लागू नये एवढी खबरदारी त्या शहाण्यानं नक्की घेतली असणार. आणि ती भिजलेली चिंधी, लागली तर असावी म्हणून, पाऊचमध्ये कोंबली होती. आता उन्हात तापून, अर्ध्या उघड्या चेनीतून, ती चिंधी माश्यांना शत्रू इथं आहे म्हणून ओरडून सांगत होती.

"पाऊच!" मिनल किंचाळली. "पाऊच टाक! थिनर आहे त्यात!"

"कार्ड त्यातच हाय, मॅडम!" त्याचा आवाज घोगरा झाला होता.

दोन क्षण. त्याहून जास्त नसतील. त्या दोन क्षणांत मिनलला तीन वर्षं दिसली. उन्हातले पहारे, एकेचाळीस दिवस, डाव्या काठावरची ती जागा. तिला कार्ड हवं होतं. खोटं कशाला सांगा, तिला ते त्या क्षणीसुद्धा हवं होतं.

"टाक," ती म्हणाली.

पण त्याला टाकता येत नव्हतं. उजवा हात सुजून लाकूड झाला होता, पाऊच पट्ट्याला अडकवलेली कडी उघडत नव्हती, आणि दोर सोडून डावा हात मोकळा करायची त्याची हिंमत होत नव्हती. पाऊचवर माश्यांचा एवढा थर होता की पाऊच दिसतच नव्हता.

मग त्या भित्र्या मुलीनं कड्यावरून पाठ सोडवली. डाव्या हातानं आपला दोर धरला, अंग बाहेर झोकलं आणि उजवा हात त्या काळ्या वळवळत्या गोळ्यात घातला. आग! मनगटापासून कोपरापर्यंत नुसती आग. बोटं चाचपडत होती. माश्या मऊ होत्या, गरम होत्या, बोटांखाली चिरडत होत्या. कडी सापडली. फिरवली. फिरेना! उलटी फिरवली. सुटली! तिनं पाऊच ओढला, पट्ट्यात खोचलेला त्याचा मोजाही उपसला आणि शरीरात होता नव्हता तो जोर लावून दोन्ही दरीत भिरकावले.

माश्यांची धार वळली. काळी, जाड, वळवळती धार पाऊचच्या मागे कड्यावरून खाली सुटली. बऱ्याच वेळानं खाली कुठंतरी लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज झाला.

सगळ्या गेल्या नाहीत. पन्नासेक तरी दोघांभोवती घोंगावत राहिल्या. तिनं दिग्विजयला कमरेला धरून कंगोऱ्यावर ओढला, दोघं कड्याच्या खाचेत तोंड घालून उभे राहिले आणि हलले नाहीत. तेवढ्यात वरून तारेला बांधलेली धुमसती पेंढी हळूहळू उतरली. हिंदुरावांनी काही पाहिलं नव्हतं, फक्त घुमाऱ्याचा बदललेला सूर ऐकला होता, आणि तेवढं त्यांना पुरलं. धूर दाटला. डोळ्यांतून पाणी, छातीत खोकला, पण खोकायचं नाही. मिनलच्या मानेवरून एक माशी सावकाश चालत गेली, कानापाशी थांबली आणि उडून गेली. किती वेळ गेला कोण जाणे. पुढे हिंदुराव म्हणाले पाऊण तास. तिला विचाराल तर अर्धं आयुष्य!

चढणं आणखी कठीण होतं. दिग्विजयचा एक डोळा पूर्ण मिटला होता, दुसरा चिरेएवढा उघडा. दोराला लोखंडी पकड लावायची, पाय ताणायचा, वर सरकायचं, हे त्याचे पाय झोपेतही करत. पण हात मानत नव्हते. मिनल शेजारच्या दोरावर त्याच्या बरोबरीनं चढत राहिली आणि बोलत राहिली. उजवी पकड वर. आता पाय. थांब, श्वास घे. आता पुन्हा. दोनदा त्याला ओकारी झाली. एकदा तो म्हणाला की मॅडम, तुम्ही जा, मी जरा बसतो. साठ फूट उंचीच्या उभ्या कातळावर तो कुठं बसणार होता, देवालाच ठाऊक! मिनलनं त्याला झापलं. इतक्या खालच्या पट्टीत आणि इतक्या कडक शब्दांत तिनं उभ्या जन्मात कुणाला झापलं नव्हतं.

शेवटचे दहा फूट हिंदुरावांनी त्याला दोरासकट ओढून घेतलं. मग विळ्याच्या धारेनं ते त्याच्या अंगातले काटे खरवडून काढत बसले. काढता काढता त्यांनी त्याच्या मोज्याविना राहिलेल्या बोटांचा वास घेतला आणि त्यांचा हात थांबला.

"माजी चूक झाली," ते एवढंच म्हणाले. "मी मानूस हुंगला. पिशवी हुंगायची ऱ्हायली."

खाली वाडीत टेम्पो मिळाला. चाकणच्या हॉस्पिटलात रात्रभर दिग्विजयला सलाइन लावलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या अंगावरचे डंख मोजले, एकसष्ट. मिनलचे एकोणतीस, बहुतेक सगळे एका हातावर. डॉक्टर म्हणाले की थोडक्यात निभावलं. मिनलनं विजयश्री मॅडमना फोन केला, सगळं खरं सांगितलं, आणि पलीकडून ओरडा ऐकू येण्याआधीच ती रडायला लागली. तिला जिवाचं रडू येत होतं की कार्डाचं, हे तिला सांगता आलं नसतं. दोन्हीचं असावं.

सोमवारी बारा वाजता सुरुंग उडाला. कंगोरा, पेटी, खोबण, सगळं खाली आलं. हिंदुरावांनी फोनवर सांगितलं की माहेरवाशिणी उठल्या, डोंगरावर दोन घिरट्या घातल्या आणि पश्चिमेकडे गेल्या. पुढच्या होळीला कुठं उतरतील ते त्यांचं त्यांना माहीत.

पण त्याच दिवशी पहाटे, खाणवाल्यांचा पहारा बसायच्या आधी, हिंदुराव कड्याच्या पायथ्याशी जाऊन आले होते. संध्याकाळी ते पाऊच घेऊन हॉस्पिटलात हजर झाले. मिनलनं आतला कप्पा उघडला. पाना कार्डावर आपटला होता. कार्डाचे तीन तुकडे झाले होते. त्यातून काही निघणार नव्हतं. तिनं ते पाहिलं, पाऊच मिटला, आणि मग पुन्हा उघडून त्यातली चिंधी बाहेर काढली. ती चिंधी तिनं घरी नेली आणि दोन दिवस तिच्यापुढं बसून राहिली.

बुधवारी दुपारी ती दिग्विजयला भेटायला गेली तेव्हा त्याचा चेहरा चेहऱ्यासारखा दिसायला लागला होता. पेंट शॉपमधली पोरं येऊन गेली होती आणि उशाशी डझनभर केळी ठेवून गेली होती. दिग्विजयनं ती पलंगापासून जास्तीत जास्त लांब, खिडकीत ढकलली होती. मिनलला पाहताच त्यानं मान खाली घातली.

"मॅडम, तुमची तीन वर्षं माझ्या एका चिंधीनं खाल्ली," तो म्हणाला. "काय तोंड दाखवू तुम्हाला?"

मिनलनं पिशवीतून काचेची बरणी काढून त्याच्या पलंगावर ठेवली. बरणीत ती चिंधी होती, तळहाताएवढी, रंगाचे डाग पडलेली. तिच्यावर एकाला एक खेटून बारीक काळे काटे उभे होते. कापड दिसायला जागा नव्हती.

"दोनदा मोजले," ती म्हणाली. "चारशे बारा."

दिग्विजयनं बरणी हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. पाऊच कमरेलाच राहिला असता तर हे काटे कुठं रुतले असते, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं आपल्या अंगाकडे, मनगटावरच्या विरत चाललेल्या लाल गाठींकडे पाहिलं, आणि परत बरणीकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लपवलं नाही.

प्रयोगशाळेत प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लागते. काय आहे, कुठलं आहे, कुणाचं आहे. या बरणीवरची चिठ्ठी अजून कोरी होती. मग दिग्विजयनं हात पुढे करून पेन मागितलं. सुजलेल्या बोटांत ते नीट बसत नव्हतं, तरी त्यानं पोराच्या गिरवल्यासारख्या अक्षरांत सावकाश लिहिलं आणि बरणी तिच्याकडे सरकवली.

मिनलनं वाचलं. चार दिवसांत पहिल्यांदा ती हसली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: "दिग्विजय यांचे काटे. परत करू नयेत."